पडद्यावरची मराठी आणि फायलीतली मराठी

‘फॉन्ट फुटला’ हे दोन शब्द संगणकावर मराठीत काम करणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी असतात. डीटीपीवाला हे म्हणतो, कचेरीतला लिपिक म्हणतो, संपादक म्हणतो आणि शाळेचे पत्रक मोबाइलवर उघडणारा पालकही तेच म्हणतो. अक्षरांच्या जागी चौकोन आले, प्रश्नचिन्हांची रांग लागली, रोमन चिन्हांचे गिचमिड उमटले, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली किंवा जोडाक्षराचा मोडलेला पाय उघडा पडला, तरी निदान एकच असते. उपायही ठरलेला: ‘फॉन्ट पाठवा’, नाहीतर ‘पीडीएफ करून पाठवा’. प्रत्यक्षात ही वेगवेगळी दुखणी आहेत. काहींत मजकूर शाबूत असतो, तो फक्त दिसत नसतो. काहींत पान अगदी स्वच्छ दिसते आणि मजकूर आतून मोडलेला असतो. एकात तर तो कायमचा गेलेला असतो. मराठी दस्तऐवज ठीक आहे की नाही हे नजरेने ठरवण्याची आपली सवयच चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. गेली तीसेक वर्षे आपण मजकुराचे दिसणे दुरुस्त करत आलो, आणि पुष्कळदा त्याच दुरुस्तीपायी मजकूर घालवत आलो.

हे समजायला संगणकात मराठी अक्षर कसे राहते ते पाहावे लागते. फायलीत अक्षरांची चित्रे नसतात, आकडे असतात. युनिकोड या जागतिक मानकात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेला आणि पाय मोडण्याच्या खुणेला स्वतःचा क्रमांक आहे. हे आकडे उच्चाराच्या क्रमाने साठवले जातात. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी ‘क’च्या आधी येते. ‘वर्ष’मध्ये ‘र’ साठवला जातो ‘ष’च्या आधी, पण रफार बसतो ‘ष’च्या डोक्यावर. साठवणीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम यांत असा फरक असल्यामुळे मधे एक मांडणी करणारा कार्यक्रम लागतो. तो आकडे वाचतो, अक्षरे जुळवतो, वेलांटी मागे नेतो, रफार पुढे नेतो आणि मग फॉन्टमधून योग्य तो आकार उचलून पडद्यावर ठेवतो. म्हणजे संकेत, मांडणी आणि आकार असे तीन टप्पे झाले. बिघाड यांपैकी कुठल्या टप्प्यावर आहे हे कळल्याखेरीज केलेली दुरुस्ती अंदाजपंचे असते.

रिकामे चौकोन दिसणे हा त्यातला सर्वांत सौम्य प्रकार. आकडे बरोबर आहेत, पण हाताशी असलेल्या फॉन्टमध्ये त्या आकड्यांसाठी आकार नाहीत. देवनागरीचा कुठलाही युनिकोड फॉन्ट लावला की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. जोडाक्षरे सुटी दिसणे आणि वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडणे हे मांडणीचे दुखणे आहे. विंडोज एक्सपीच्या काळात ते घरोघरी दिसे, कारण भारतीय लिप्यांची मांडणी त्यात मुळात चालू नसायची. सेटिंगमध्ये एक खूण करून, मूळ सीडी घालून ती बसवावी लागे. चित्रे आणि पाने रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते आजही भेटते. परिच्छेदाला भारतीय लिप्या जाणणारी मांडणी निवडलेली नसेल, तर फ्लेक्सवरच्या ‘महाराष्ट्र’चे तुकडे होतात. इथेही आकडे शाबूत आहेत. पण घाईत असलेला माणूस काय करतो? वेलांटी उजवीकडे दिसते म्हणून तो ती अक्षराच्या आधी टंकतो. त्या पडद्यापुरते, त्या क्षणापुरते पान सुधारते. तोच मजकूर मांडणी नीट करणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमात गेला की वेलांटीला आधारच सापडत नाही आणि तिच्याशेजारी तुटक ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ते वर्तुळ पाहून लोक फॉन्टला दोष देतात. वास्तविक ते सांगत असते की इथे साठवणीचाच क्रम चुकला आहे. दुखणे मांडणीचे होते, उपचाराने ते संकेतात उतरले.

रोमन चिन्हांचे गिचमिड दोन प्रकारचे असते आणि ते वेगळे ओळखता यायला हवे. पहिल्यात डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हापुन्हा येतो आणि त्याला खेटून चार बाजूंना रेघा फुटलेले छोटे वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह असते. याचा अर्थ मजकूर उत्तम युनिकोड आहे, पण तो पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या तक्त्याने वाचला गेला आहे. यूटीएफ-८ या साठवणीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो आणि त्यांतला पहिला बाइट कायम सारखा असतो, म्हणून तोच ‘ए’ सतत दिसतो. ‘मराठी’ शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच संकेत आहेत, त्यांची पंधरा चिन्हे होतात. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल दुहेरी क्लिक करून उघडणाऱ्याला हा प्रकार ठाऊक असतो. ती फाइल बंद करून, डेटा मेनूतून आयात करताना यूटीएफ-८ निवडले की सगळी नावे जागेवर येतात. मात्र त्या गिचमिडाची ‘साफसफाई’ करू नये. ‘ठ’चा तिसरा बाइट त्या जुन्या तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा म्हणून वाचला जातो. पाय मोडण्याच्या खुणेच्या आणि ऱ्हस्व उकाराच्या तिसऱ्या बाइटला तर तिथे दिसणारे चिन्हच नाही. कुणी जादा जागा काढल्या किंवा अदृश्य चिन्हे गाळली, तर मजकूर परत उलटवताना नेमके ‘ठ’, उकार आणि जोडाक्षरे हरवलेली निघतात.

प्रश्नचिन्हांची रांग मात्र मृत्यूची नोंद असते. ज्या तक्त्यात देवनागरी नाही, अशा तक्त्यात मजकूर कोंबला गेला आणि कार्यक्रमाने प्रत्येक अनोळखी संकेताच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून ठेवले. ‘मराठी’ची पाच प्रश्नचिन्हे झाली की त्यांतून काहीही परत काढता येत नाही, कुठलाही फॉन्ट लावा. वाईट हे की हे पान चौकोनांच्या पानापेक्षा किंवा त्या गिचमिडापेक्षा कमी भीतिदायक दिसते. लोक गिचमिड झालेली फाइल टाकून देतात, जी पूर्ण वाचवता आली असती, आणि प्रश्नचिन्हांची फाइल दुरुस्तीसाठी एकमेकांना पाठवत राहतात.

गिचमिडाचा दुसरा प्रकार मराठीच्या आणि एकूणच भारतीय भाषांच्या इतिहासातून आला आहे. कृतिदेव फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर ‘मराठी’च्या जागी रोमन लिपीतले ई, जे, के, बी, एच ही अक्षरे दिसतात. ‘विकास’च्या जागी एफ, ओ, डी, के, एल. इथे काही बिघडलेले नसते. फायलीत पहिल्यापासून रोमन अक्षरेच आहेत. फॉन्टने फक्त त्या रोमन आकड्यांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवले आहेत: कुठे अर्धा ‘प’, कुठे नुसता काना, कुठे रफार. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी कधी नव्हताच. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण आणि सीडॅक या संस्थेचे फॉन्ट या सगळ्यांनी आपापले खण आपापल्या पद्धतीने भरले. म्हणून एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये कचरा होतो. नेपाळात प्रीती या फॉन्टने हेच घडवले, तेव्हा याला मराठी माणसाचा आळस म्हणता येणार नाही.

तसे होण्याला सबळ कारण होते, आणि ते मान्य केल्याशिवाय ही टीका अन्यायाची ठरेल. भारतीय लिप्यांसाठी नीट संकेतप्रणाली आपल्याकडे बरीच आधी झाली होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान उच्चारक्रमानेच अक्षरे साठवत होते. १९८८ची इस्की ही संकेतप्रणाली युनिकोडमधल्या देवनागरीचा पाया ठरली. १९९१मध्ये इस्कीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. पण छपाईचा धंदा तोवर पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरवर गेला होता, आणि त्याला एका आकड्याला एक आकार एवढेच कळत होते. मधला मांडणी करणारा टप्पा त्यात नव्हता. तेव्हा तुकडे खणांत भरून मराठी छापणे हाच एक मार्ग होता. त्या फॉन्टकारांनी आणि ऑपरेटरांनी मराठी वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके आणि दिवाळी अंक संगणकावर आणले. तो उपकार खराच आहे. विंडोज २००० आल्यावर मात्र सामान्य संगणकावर युनिकोड मराठी लिहिता येऊ लागली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया सबंध युनिकोडमध्ये उभा राहिला. नोव्हेंबर २००९मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच अक्षरसंकेतांचे मानक म्हणून अधिसूचित केले. त्यानंतरही जे जुन्या पद्धतीने चालू राहिले, त्यामागे तंत्राची अडचण कमी होती. ‘दिसतंय ना नीट, मग झालं’ हा विचार जास्त होता.

या विचाराचे सर्वांत मोठे आश्रयस्थान म्हणजे पीडीएफ. १९९३मध्ये आलेल्या या स्वरूपाचे वचनच मुळी असे की पान कुठेही सारखे दिसेल, आणि ते वचन त्याने पाळले. पण पीडीएफमध्ये साठवतात ते आकार आणि त्यांच्या जागा. कुठला आकार म्हणजे कुठले अक्षर, याची सारणी सोबत ठेवता येते, पण ती नसली तरी पान उत्तम दिसते. इंग्रजीत एक आकार बहुतेक वेळा एकच अक्षर असतो, त्यामुळे फारसे अडत नाही. मराठीत आकार दिसण्याच्या क्रमाने ठेवलेले असतात. म्हणून सुबक पीडीएफमधून ‘वर्ष’ उचलून दुसरीकडे चिकटवला की ‘वषर्’ होतो, ‘कार्य’चा ‘कायर्’ होतो, ‘विकास’ची वेलांटी शब्दाच्या आधी लोंबकळते. जोडाक्षराच्या आकाराला सारणीत नोंद नसेल तर ते गायबच होते. चारशे पानांच्या अहवालात ‘कार्यवाही’ शोधणाऱ्याला ‘काही आढळले नाही’ असे उत्तर मिळते, आणि शब्द तर समोर छापलेला असतो. लाभार्थ्यांच्या यादीत स्वतःचे नाव शोधणाऱ्या माणसाला तेच उत्तर मिळाले, तर ते उत्तर खोटे आहे हे त्याने कशावरून ओळखायचे?

दस्तऐवज जतन करणाऱ्यांना हा धोका पुष्कळ आधी कळला होता. दीर्घकाळ टिकणाऱ्या पीडीएफसाठी २००५मध्ये जे आंतरराष्ट्रीय मानक आले, त्यात सुरुवातीपासून पातळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘बी’ पातळी फक्त दिसण्याची हमी देते. २०११च्या दुसऱ्या भागात ‘यू’ नावाची पातळी आली. तिची अट अशी की प्रत्येक आकाराला युनिकोड संकेत जोडलेला असलाच पाहिजे. दिसणे आणि असणे या दोन गोष्टींची हमी दोन वेगळ्या शब्दांत द्यावी लागते, हे त्या मानकाने कागदावर मान्य केले आहे. आपल्याकडच्या निविदांत आणि परिपत्रकांत मात्र ‘पीडीएफ स्वरूपात सादर करावे’ एवढ्यावर वाक्य संपते.

युनिकोड वापरले म्हणजे सुटलो, असे तरी आहे का? तेही पूर्ण खरे नाही, आणि इथला तपशील खास मराठीचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. हा आडवा अर्धा ‘र’ मराठीला हवाच, आणि युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह ठेवून. दोन्ही पडद्यावर तंतोतंत सारखे दिसतात, पण आकडे वेगळे असल्यामुळे साध्या शोधात एकाने दुसरा सापडत नाही. शिवाय एखाद्या संकेतस्थळाच्या अर्जाने किंवा माहितीसाठ्याने अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळली, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा निमूटपणे ‘दर्या’ होतो. चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही. शुद्ध दिसणारा चुकीचा शब्द. ‘ॲ’चेही असेच आहे. या स्वराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८मध्ये. तोवर लोक ‘अ’वर चंद्र ठेवून तो लिहीत, आणि अनेक कळफलकांवर व बोटांत ती सवय अजून आहे. ‘ॲप’ आणि चंद्र ठेवलेला ‘अप’ डोळ्याला एक, संगणकाला दोन. काही प्रणालींत दुसऱ्याच्या मधोमध ते तुटक वर्तुळही येते. शब्दकोश, ग्रंथसूची किंवा नावांची यादी करणाऱ्याने सुरुवातीलाच एक पद्धत ठरवून सगळा मजकूर तिच्यात आणला नाही, तर एकच माणूस दोनदा नोंदला जातो आणि एकदा शोधला की अर्धाच सापडतो.

याउलट, जे दुखणे खरोखर फक्त दिसण्याचे आहे, त्यासाठी लोक संकेत बदलायला निघतात. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतल्या रूपांपेक्षा वेगळे असतात, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी वर्णमाला व लिपीची रूपे प्रमाणित केली आहेत. अनेक फॉन्टांत हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो, म्हणून ‘युनिकोडमध्ये मराठी ल नाही’ अशी तक्रार होते. संकेत दोन्हीकडे एकच आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, आणि मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी अशी नोंदवली की मराठी वळण आपोआप येते. एवढ्यासाठी जुन्या फॉन्टकडे परत जाणे म्हणजे अक्षराच्या वळणासाठी अक्षरच सोडून देणे.

यावर पहिला आक्षेप छापखान्यातून येतो. आम्हाला कागदावर छापायचे आहे, फायलीत काय आहे याच्याशी आमचे काय देणेघेणे? पुस्तकाचे आयुष्य एका आवृत्तीत संपत असते तर हे पटले असते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, ई-पुस्तक काढताना, ऑडिओसाठी मजकूर देताना, निवडक लेखांचा संग्रह करताना तीच फाइल पुन्हा हवी असते, आणि ती निरुपयोगी निघाली की सगळे पुन्हा टंकावे लागते, पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. शिवाय वाचक फक्त डोळ्यांनी वाचत नाहीत. एनव्हीडीएसारखा पडदावाचक युनिकोड मराठी बोलून दाखवतो, आणि तोच मजकूर ब्रेलमध्येही नेता येतो. जुन्या फॉन्टमधली फाइल तो कशी वाचणार? ई, जे, के, बी, एच अशी. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ते पाठ्यपुस्तक छापलेलेच नसते. मला हा मुद्दा बाकी सगळ्या सोयींच्या वरचा वाटतो.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा आणि हातवळणाचा. जुने फॉन्ट देखणे आहेत आणि ऑपरेटरची बोटे त्या कळफलकावर चालतात. यातला पहिला भाग पंधरा-वीस वर्षांपूर्वी रास्त होता. तेव्हा युनिकोडमध्ये पुस्तकाला शोभेल असे फॉन्ट मोजके होते, आणि पाने रचणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी नीट आली ती २०१२च्या सुमारास. आता मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, नोटोचे देवनागरी फॉन्ट असे कितीतरी पर्याय मोफत आहेत, आणि जुन्या कंपन्यांनीही आपले फॉन्ट युनिकोडमध्ये आणले आहेत. कळफलकाचा प्रश्न तर संकेताचा नव्हेच. रेमिंग्टन पद्धतीने टंकून युनिकोड मजकूर मिळवता येतो. बोटांना काही नवे शिकावे लागत नाही, फक्त कळ दाबल्यावर साठणारा आकडा बदलतो.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे: चित्रावरून अक्षर ओळखणारी यंत्रे आता मराठी वाचतात, मग जुन्या फायलींची चिंता कशाला? ही यंत्रे स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांसाठी अनमोल आहेत, कारण तिथे दुसरा मार्गच नाही. पण जो मजकूर एकदा अक्षर न् अक्षर टंकून तपासला गेला आहे, त्याचे चित्र काढून यंत्राला त्याचा अंदाज करायला लावणे ही उलटी गंगा आहे. यंत्र चुकते तेही रफार, अनुस्वार आणि ऱ्य अशाच ठिकाणी, जिथे एका ठिपक्याने अर्थ पालटतो, आणि आडनावे व गावांची नावे यांच्यात ती चूक वाचणाऱ्याला खटकतही नाही. २०११च्या जनगणनेत सुमारे ८.३ कोटी लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. एवढ्या लोकांच्या भाषेचा संगणकावर टंकलेला आधीचा मोठा साठा शोधयंत्रांना, भाषांतराच्या साधनांना आणि आता भाषा शिकणाऱ्या यंत्रांना दिसतच नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती मराठी नाही.

म्हणून दस्तऐवज हाती घेताना करायची परीक्षा बदलायला हवी, आणि ती अवघड नाही. फायलीतला रफार, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्य आणि एखादे मोठे जोडाक्षर असलेला परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे तो जसाच्या तसा उतरला, त्यातला शब्द मूळ फायलीत शोधल्यावर सापडला आणि फोनने तो वाचून दाखवला, तर मजकूर आहे. नुसते पान पाहून देयक मंजूर करू नये. प्रकाशकाने अक्षरजुळणीच्या करारात आणि कार्यालयाने निविदेत ही तीन वाक्ये लिहिली, तर ‘युनिकोडमध्ये द्यावे’ या मोघम अटीपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल, कारण युनिकोडमध्ये टंकून चुकीच्या पद्धतीने पीडीएफ केलेली फाइलही त्या अटीत बसते.

जुन्या साठ्याचे काम मात्र नाजूक आहे. कन्व्हर्टर पुष्कळ आहेत आणि चांगले आहेत, पण त्यांना मूळ फॉन्ट नेमका कोणता हे सांगावे लागते. एकाच लेखात मराठीमध्ये आलेला इंग्रजी शब्दही रोमन आकड्यांतच साठलेला असतो. तो इंग्रजी आहे हे फक्त त्याला लावलेल्या फॉन्टच्या नावावरून कळते. म्हणून मजकूर आधी साध्या फायलीत काढून मग बदलला, तर ती खूण नाहीशी होते आणि इंग्रजी शब्दांची निरर्थक देवनागरी होते. फॉन्टच्या नावांसकट मूळ फाइल हवी, ती उघडणारे सॉफ्टवेअर हवे, आणि काही फॉन्टसंचांसाठी संगणकाला मागून लावायचे ‘डाँगल’ नावाचे कुलूपही हवे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची आहे. ती चालवणारे संगणक आणि ती कुलुपे एकेक करून बंद पडत आहेत. कुठल्या वर्षीचा अंक कुठल्या फॉन्टच्या कुठल्या आवृत्तीत लावला होता, हे बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेले नाही. ते त्या वेळच्या ऑपरेटरच्या डोक्यात आहे. कन्व्हर्टर विकत घेण्याआधी त्याला गाठून, फायलींच्या नावांसमोर फॉन्टची नावे त्याच्याकडून लिहून घ्यायला हवीत.